डाव्या हाताचा नेम

१६ जानेवारी, गुरुवार

नेमबाजीच्या क्लबात दुसरी खेप. स्काउट हट, म्हणजे लाकडी शेड. हीटर एकच, तो मॉरीनच्या खुर्चीपाशी. दहा मीटर, दहा छर्रे, एक कार्ड. माझे चार कार्डावर, बाकीचे मागच्या फळीत.

मॉरीन शिकवते. सत्तरीची, बस डेपोत तीस वर्षं काढलेली, गुडघे गेलेले. "जेवायला उजवा हात, सहीला उजवा, मग इथे डावा का?" उजवं मनगट मोडलं होतं, म्हटलं. आत प्लेट आहे, सहा स्क्रू. "कसं मोडलं?" दारात सापडलं. तिनं मान हलवली आणि छर्ऱ्यांचा डबा पुढे सरकवला.

खोटं बोलले नाही. दारच होतं. लावणारा कोण ते तिनं विचारलं नाही.

फॉर्मवर रकाना होता, सभासद होण्याचं कारण. 'रिक्रिएशन' लिहिलं.

१९ जानेवारी, रविवार

नऊ वर्षं नवऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं. फॉर्मवर, पाकिटांवर, शेवटी कोर्टाच्या कागदावर. मिलिंद. आता एक अक्षर पुरे. मि.

ऑर्डर नऊ मेला संपते. तोवर त्यानं माझ्या शंभर मीटरच्या आत यायचं नाही, फोन नाही, कुणाकरवी निरोप नाही. वकीलबाई म्हणाल्या, त्यानं पुन्हा काही केलं तर मुदत वाढवून मागता येईल. म्हणजे आधी त्यानं काहीतरी करायला हवं.

करू दे.

३० जानेवारी, गुरुवार

पिस्तूल घेतलं. दुकानदारानं वयाचा पुरावा मागितला. एक्केचाळीस, म्हटलं. "नियम आहे, मॅडम." काळं, जड, हातात धरलं की खरं वाटतं. या देशात माणसाला खरं पिस्तूल मिळत नाही, हवेवरचं मिळतं. मॉरीन म्हणते यानं ससा मरेल, तोही धीर धरून बसला तर. माणूस मरणार नाही. डोळा जाईल.

मला त्याचा डोळा नको आहे. पिस्तूल पाहिल्यावर त्याचा चेहरा कसा होतो ते पाहायचं आहे. माझा कसा झाला होता ते त्यानं पाहिलं होतं. फिट्टंफाट.

नेताना केसमध्ये, रिकामं, केस बंद. क्लबात जाताना आणि येताना चालतं. इतर वेळी बाहेर काढलं तर गुन्हा. विमानतळाचा एअरसाइड पास त्याच दिवशी जाईल. पास गेला की कार्गोची नोकरी, नोकरी गेली की ही खोली. हाउन्सलोतली ही खोली माझ्या एकटीच्या नावावर आहे. आयुष्यातली पहिली.

२ फेब्रुवारी, रविवार

व्हिडिओ पाहिले. अमेरिकेतला एक दाढीवाला, मागे झेंडा. बायकांना पिस्तूल लपवायला शिकवतो. कमरेशी, कार्डिगनच्या आत, घालून चाला, बसा, मुलाला उचला, कुणाला दिसता कामा नये. मग एका हातानं कपडा दूर, दुसऱ्यानं वर. शंभर वेळा रिकामं, मग एकदा भरलेलं. त्याच्याकडे शिकणाऱ्या बायका किराणा आणायलाही असंच जातात.

आरशासमोर केलं. रिकामं. काळा कोट. पहिल्यांदा बटणात अडकलं. दुसऱ्यांदा अस्तरात. पन्नासाव्या वेळी अंगठा आपोआप कपडा बाजूला सारायला लागला.

आरशात माझ्या छातीवरच नेम येतो. आरसा काढून ठेवला. कपाटाच्या दारावर पोस्ट-इट लावला. त्याची उंची मोजून. पाच फूट आठ इंच, त्यातून चार इंच वजा. डोळ्यांची रेघ.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नऊ कार्डावर. एक मधल्या काळ्या वर्तुळात.

मॉरीन : "लक्ष्याकडे बघायचं नाही, लव्ह. नळीच्या टोकाशी नेम धरायची माशी आहे तिच्याकडे बघ. लक्ष्य धूसर होऊ दे. ते धूसर झालं की तुझं बरोबर चाललंय."

मला ते धूसर व्हायला नको आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

वंदनेला गेले. हॉल भाड्याचा, आधीच्या कुणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे छताला. त्रिशरण म्हटलं. पंचशीलात पहिल्या शीलाला तोंड उघडलं नाही. प्राण्याची हिंसा करणार नाही, हे आज मोठ्यानं म्हणवेना. दुसऱ्यापासून सगळ्यांत मिसळले.

शेजारी अमृता. इथेच जन्मलेली, हॅरो कौन्सिलला नोकरी, मंडळात तरुणांचं सगळं तीच बघते. चप्पल घालताना म्हणाली, "ताई, तू पहिला लाइन सोडला."

"घसा बसलाय."

"मग दुसरा कसा आला?"

हसले. ती हसली नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शिफ्टला जागी होते. दोन विमानांच्या मधल्या वेळात हे सगळं पुन्हा उगाळलं, ते लिहून टाकते, म्हणजे उद्या उगाळावं लागणार नाही.

गेल्याच्या आधीच्या ऑक्टोबरात दार लावलं त्यानं. मुद्दाम. हात चौकटीत आहे हे पाहून. हॉस्पिटलात नर्सनं त्याला बाहेर बसवलं आणि मला एकटीला विचारलं. दोनदा विचारलं. किचनमध्ये घसरले म्हणाले. तिनं लिहिलं, मी डाव्या हातानं सही केली.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा धम्मदीक्षेचा कार्यक्रम. मि. प्रमुख वक्ता. विषय, चळवळीतील स्त्री. बाहेर कळलं तर लोक म्हणतील, बघा, यांच्यातही हेच. ते लोक कोण, कुठे राहतात, मला सांगता आलं नसतं. पण त्यांच्यासाठी मी गप्प बसले. प्लास्टरसकट त्याच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. कॉलरवर चुणी राहिली. ती त्यानं व्यासपीठावर जायच्या आधी चारजणांना दाखवली. "हे बघा, डाव्या हाताचं काम." ते हसले. मीही.

सात महिन्यांनी बोलले तेव्हा पोलीस म्हणाले, नोंदीत घसरणं आहे. केस उभी राहिली नाही. ऑर्डर तेवढी मिळाली.

माझी चळवळ मी वाचवली. आता तिनं मला काय दिलं ते

२२ फेब्रुवारी, शनिवार

हॅरो. ब्लाउज शिवायला टाकले होते ते आणायला. मिठाईच्या दुकानासमोर तो. मंडळातले दोघे सोबत. दहा-बारा फूट.

त्यानं छातीवर हात ठेवला. "जय भीम, सुनंदा." घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं.

मी म्हणाले, "जय भीम."

तोंडातून गेलं. तीन वर्षांची होते तेव्हापासून जातं तसं गेलं. शब्द बाहेर पडल्यावर कळलं मी काय केलं. त्यांच्यासमोर त्याला परत माणसांत घेतलं.

गायकवाड काकांना फोन केला. मंडळाचे सचिव, माझ्या वडिलांच्या वयाचे. म्हटलं, तो माझ्याशी बोलला, हा ऑर्डरचा भंग आहे, दोन साक्षीदार आहेत.

"अगं, नमस्कारच केला ना त्यानं?"

"हो."

"आणि तू काय केलंस?"

काय म्हणाले ते सांगितलं.

"झालं तर मग," काका म्हणाले.

दुपारभर कोट. दोनशे वेळा. पोस्ट-इट फाटला, दुसरा लावला.

६ मार्च, गुरुवार

कार्ड वाईट. सगळे छर्रे खाली उजवीकडे. मॉरीननं खिडकीशी नेऊन पाहिलं.

"तू ट्रिगर हिसकतेस. तीन आठवड्यांपूर्वी नव्हतीस."

मग टेबलामागे उभी राहून तिनं माझे पुढचे पाच पाहिले. पिस्तूल टेबलावरून उचलायचं, हात लांब, श्वास, चाप. मी केलं. तिनं माझा डावा हात मध्येच धरला.

"हा अंगठा काय करतोय?"

अंगठा पोटाशी हवेत कपडा बाजूला सारत होता. मी टी-शर्टात होते.

"इथे कोटातून काही काढायचं नसतं, लव्ह. सव्वीस वर्षं शिकवतेय. कोणी घरी काय करतं ते मला हातावरून दिसतं."

बाकीचे तिघे कार्डं बदलत होते. ती हळू बोलत होती.

"मी तुला विचारत नाहीये. विचारलं आणि तू सांगितलंस तर मला लिहावं लागेल. लिहिलं की तुझं पिस्तूल जाईल. म्हणून विचारत नाही. पण पुढच्या गुरुवारी तो अंगठा दिसला तर विचारेन."

चहा दिला. साखर न विचारता दोन चमचे.

१३ मार्च, गुरुवार

आठवडाभर कोट नाही. फक्त भिंत, कोरी, हात लांब, माशीकडे पाहणं. अंगठ्याला विसरायला लावणं शिकवण्यापेक्षा कठीण. आज दिसला नाही. मॉरीननं विचारलं नाही.

दहापैकी दहा कार्डावर. सहा काळ्यात. तिनं कार्डावर तारीख टाकून माझ्या हातात दिलं. "हे ठेव. चांगलं आहे." बसमध्ये ते दोनदा बाहेर काढून पाहिलं. किती दिवसांनी माझं काहीतरी कुणी चांगलं म्हटलं.

राग नव्हता तेव्हा नेम लागला. हे मला आवडलेलं नाही.

१५ मार्च, शनिवार

जे केलं ते लिहिते.

क्लबात सकाळचं सत्र होतं. संपल्यावर घरी जायला हवं होतं. केस पिशवीत. एकदोन बस बदलून हॅरो. त्याची गल्ली. समोर कुंपण, त्याच्या आड उभी राहिले. आता क्लबातून घरी जात होते असं म्हणता येणार नव्हतं. हे कळत होतं.

वीस मिनिटांनी तो आला. हातात बाटल्यांची पिशवी, पायात सपाता, बनियनवर जाकीट. कचऱ्याच्या निळ्या बिनचं झाकण उघडलं आणि एकेक बाटली आत टाकू लागला. आवाज होऊ नये म्हणून हात आत घालून, हळूच. शेजाऱ्यांनी मोजू नयेत म्हणून असेल. टाळूवर टक्कल पडायला लागलंय. मी असताना नव्हतं.

अंतर दहा मीटर. इतके गुरुवार तेच अंतर पाहिलंय, चूक होणार नाही. पिशवीची चेन उघडली. केसची एक खिटी उघडली. दुसरी.

त्याची पाठ होती. मागून काही झालं तर त्याला कुत्रा वाटेल, पोरं वाटतील. मी वाटणार नाही. हाक मारायला हवी होती. हाक मारायला तोंड उघडलं आणि आत काय आहे ते कळलं. मिठाईच्या दुकानासमोर जे दोन शब्द गेले होते तेच आधी येणार होते. या माणसाला रस्त्यात हाक मारायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

तो आत गेला. दार लावलं. खिट्या बंद केल्या.

दया आली नाही. हे लिहून ठेवते, नाहीतर पुढे मी स्वतःला तसं सांगेन.

२० मार्च, गुरुवार

गेले नाही. ताप म्हणून कळवलं.

३ एप्रिल, गुरुवार

गायकवाड काका घरी आले. डबा घेऊन, काकूंनी पुरणपोळ्या दिलेल्या. कोट काढला नाही, म्हणजे लांबायचं नव्हतं.

"सव्वीसला जयंतीचा कार्यक्रम आहे, माहीतच आहे तुला."

"हो काका."

"भाषण मिलिंदचं ठेवलंय. इंडियातून पाहुणे येणार होते, त्यांचा व्हिसा नाही झाला. ऐनवेळी दुसरं कोण मिळणार? विषय स्त्रिया आणि संविधान. तो चांगला बोलतो त्यावर."

"बोलतो."

"आता प्रश्न असा आहे, बेटा. ती ऑर्डर. तू हॉलमध्ये असलीस तर तो येऊ शकत नाही. कायदाच आहे. आपण कायदा मानणारे लोक."

"मग त्याला बोलावू नका."

"पत्रिका छापल्या गं." डब्याचं झाकण उघडून माझ्याकडे सरकवलं. "तू एक दिवस घरी राहिलीस तर कायदाही पाळला जाईल आणि कार्यक्रमही होईल. तू समजूतदार आहेस म्हणून तुझ्याकडे आलो. त्याच्याकडे गेलो नाही."

मी म्हटलं, विचार करते.

"आणि पुढच्या वर्षी तुलाच बोलायला ठेवू. कवितेवर. तुझं एम.ए. आहे ना."

गेले. पोळी खाल्ली. चांगली झाली होती. मग कोट काढला खुंटीवरून. तीनशे वेळा. पहिल्या वेळीच अंगठ्याला सगळं आठवलं.

५ एप्रिल, शनिवार

ठरवलंय. जयंतीला जाईन. काळा कोट. पहिली रांग. तो 'स्त्रियांनी' म्हणेल तेव्हा उभी राहीन. त्याला मी दिसेन, ते दिसेल. सगळ्या हॉलसमोर तो खुर्चीमागे लपेल. पुढचं पुढे. तुरुंग किती वर्षं, ते शोधलं. वाचून पान बंद केलं.

नोकरी, पास, खोली. तीन शब्द लिहून पाहिले. मग त्याचा चेहरा आठवून पाहिला, खुर्चीमागचा. तो जड भरला.

१२ एप्रिल, शनिवार

अमृता आली. ब्रॅकनेलला मैत्रिणीकडे गेली होती, परतताना. काकांनी मला काय सांगितलं ते तिला माहीत होतं. मंडळाच्या व्हॉट्सॲपवर 'सुनंदाताईंनी मोठं मन दाखवलं' असं येऊन गेलंय म्हणे. चौदाजणांनी हात जोडलेत.

"ताई, धिस इज इन्सेन. तू व्हिक्टिम आहे आणि तुलाच घरी बस म्हणतात?"

"त्यांच्या पत्रिका छापल्यात."

"त्या इन्व्हिटेशनच्या. प्रोग्रामची पत्रिका अजून छापायचीय, ती मी छापते. सूत्रसंचालन मी करते. रनिंग ऑर्डर माझी आहे." मोबाइल काढून दाखवला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मुलांचा नाच, भाषण. शेवटी आभारप्रदर्शन, पुढे जागा कोरी. "ही कोणालाच नको असते. सगळे जेवायच्या लाइनीत असतात. तुझं नाव टाकू?"

मोबाइल हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली.

"आभार मानायचे ना सगळ्यांचे," ती म्हणाली. "चीफ स्पीकरचे पण. तुला जे थँक्यू म्हणायचंय ते म्हण. माइक मी बंद करणार नाही."

"काका करतील."

"काकांना माइकचा स्विच कुठाय ते माहीत नाही."

ती जाताना दाराशी कोट सारखा करायला गेली. खुंटीवरचा काळा. खिशात हात गेला नाही, बरं झालं. रिकामाच होता, पण आत मी शिवलेला पट्टा आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

क्लबात सगळे काळ्यात. दहाच्या दहा. मॉरीननं कार्ड दोनदा धरून पाहिलं, मग माझ्याकडे. "कोण मेलं?" म्हणाली. कोणी नाही, म्हटलं.

घरी येऊन मसुदा केला.

प्रमुख वक्ते मिलिंद यांचे मी मंडळाच्या वतीने आभार मानते. त्यांनी आपला बहुमोल वेळ दिला. त्यांनीच माझं उजवं मनगट दारात

खोडलं. फार लांब. परत.

त्यांच्या सहवासात मला डाव्या हातानं लिहिता, इस्त्री करता आणि

हेही खोडलं. हे वाक्य मिरवतंय. साधं हवं. तारीख, वार, कोणतं दार, किती स्क्रू. हॉस्पिटलात मी काय सांगितलं आणि का. तुमच्यासाठी सांगितलं, हे त्यांच्या तोंडावर. मग धन्यवाद.

दोन्ही करायचं असं ठरवून झोपले. आधी आभार, मग कोट.

२० एप्रिल, रविवार

दोन्ही होणार नाही. सकाळी वंदनेला न जाता भिंतीसमोर बसून हेच पाहिलं.

पिस्तूल निघालं की कुणाला मनगट दिसणार नाही. नंतर वर्षभर लोक त्याच्या घरी भाजी पोचवतील. काकू पोळ्या करतील, त्या त्याच्याकडे जातील. पुढच्या जयंतीला त्याच्या धैर्यावर कुणीतरी बोलेल. हेही माझ्याकडून त्याला मिळालेलं शेवटचं देणं ठरेल.

त्याला काहीही मिळता कामा नये. सहानुभूतीही नाही.

ही अहिंसा नाही. मला ठाऊक आहे काय आहे ते.

२४ एप्रिल, गुरुवार

मॉरीनला केस दिली. क्लबाच्या तिजोरीत ठेवा, म्हटलं.

"किती दिवस?"

"नऊ मेपर्यंत तरी."

"कारण लिहावं लागतं रजिस्टरला."

तिनं पेन उघडून स्वतःच लिहिलं, 'ट्रॅव्हलिंग'. मी कुठेही जात नाही हे तिला माहीत आहे.

"नऊ मेनंतर घेऊन जाशील?"

"कदाचित."

"कदाचित म्हणजे या गुरुवारसारखं, की मार्चमधल्या त्या गुरुवारसारखं?"

अजून माहीत नाही, म्हटलं. तिनं किल्ली फिरवली.

२६ एप्रिल, शनिवार. हॉलमध्ये, पत्रिकेच्या मागे

पहिली रांग, डावीकडून तिसरी खुर्ची. कोट घरी. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज मुद्दाम घातला नाही. व्रण दिसतो.

तो आला तेव्हा मी बसलेली होते. दारात थांबला. काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे. मी पत्रिका वाचत होते. त्याला परत जाता आलं असतं. दीडशे लोक टाळ्या वाजवत होते. वर चढला.

आता बोलतोय. पंचवीस मिनिटं झाली. एकदाही इकडे नाही. आवाज तोच, मोठा, उबदार. पण पाण्याचा पेला तीनदा उचलला. दुसऱ्यांदा तो रिकामा होता.

काका रांगेतून वाकत आले, माझ्या खुर्चीशी उकिडवे बसले. गुडघा वाजला.

"पोलिसांना बोलावलं नाहीस ना, बेटा?"

"नाही काका."

"मग इथे काय करणार आहेस?"

"आभार मानणार आहे. पत्रिकेत आहे बघा. शेवटून पहिलं."

त्यांनी चष्मा वर करून माझं नाव वाचलं. सुस्कारा सोडला. खांद्यावर हात ठेवला.

"शहाणी आहेस. फक्त थोडक्यात कर. वरण गार होतंय."

टाळ्या. तो खाली बसला. अमृता माइकशी गेलीय. हातातला कागद न पाहता बोलतेय. आता माझं नाव